ओपन वॉटरनंतर थेट ३० मीटर? आधी अर्ध्या टाकीचा हिशेब शिका

प्रश्न थोडक्यात असा: ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला, १८ मीटरपर्यंतचा) गेल्या हिवाळ्यात झाला. त्यानंतर कर्नाटकात नेत्राणीला आणि गोव्यात ग्रँड आयलंडला मिळून मोजक्या डाइव्ह झाल्या. आता डिसेंबरात मित्रांबरोबर अंदमानात हॅवलॉकला (स्वराज द्वीपला) जायचंय. मित्र ॲडव्हान्स्ड आहेत, म्हणजे ३० मीटरपर्यंतच्या पुढच्या कोर्सचं कार्ड त्यांच्याकडे आहे, आणि त्यांच्या यादीत डिक्सन्स पिनॅकल हे पाण्याखालचे खोल सुळके आहेत. डाइव्ह सेंटरवाला फोनवर म्हणाला, "आमचा गाइड असेल बरोबर, कार्डाचं बघून घेऊ." मग ॲडव्हान्स्डचे पैसे आणि सुट्टीतले दोन दिवस घालवावेत, की गाइडच्या भरवशावर उतरावं?

गाइडच्या भरवशावर उतरू नका. मी इन्स्ट्रक्टर आहे, कोकणात आणि अंदमानात शिकवतो, त्यामुळे 'याला कोर्स विकायचाय' असं वाटलं तर वाटू दे. पुढे याच कोर्सबद्दल दोन कडू गोष्टीही लिहिणार आहे.

३० मीटरवर पोचणं अवघड नाही आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते. बीसीडीतली (हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमधली) हवा सोडली की कमरेचं वजन तुम्हाला खाली नेतं, पायही मारावे लागत नाहीत. पाणी निळं, माशांचे थवे, मित्र पुढे. सगळं सुरळीत असेल तर ओपन वॉटरवाला आणि ॲडव्हान्स्डवाला यांच्या डाइव्हमध्ये वरून बघणाऱ्याला काही फरक दिसणार नाही. म्हणूनच "मी कार्ड नसताना ३० ला जाऊन आलो, काही झालं नाही" असं सांगणारे बोटीवर नेहमी भेटतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांचं त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

ओपन वॉटरची १८ मीटरची मर्यादा कोणी सहज बोट ठेवून ठरवलेली नाही. पृष्ठभागावर १ बार दाब असतो आणि दर १० मीटरला आणखी १ बार वाढतो. म्हणजे १० मीटरला २ बार, ३० ला ४ बार, आणि मनोरंजनाच्या डायव्हिंगची कमाल मर्यादा मानतात त्या ४० मीटरला ५ बार. हे तुम्ही कोर्सच्या परीक्षेत लिहिलं असेल. पण त्या चार बारचा आपल्या टाकीशी आणि डोक्याशी संबंध काय, हे बहुतेकांना नीट कोणी करून दाखवलेलं नसतं. आपण करून बघू.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी मिळते. २०० बार भरली की साधारण २२०० लिटर हवा. नवा पण शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. १० मीटरवर तो ४० लिटर घेणार, ३० मीटरवर ८०. ग्रँड आयलंडला ५० बार उरेपर्यंत चाळीस मिनिटं आरामात पुरलेली हवा इथे वीस मिनिटांत तेवढीच खाली येते. आणि हा शांत माणसाचा हिशेब झाला. करंटच्या (पाण्याच्या प्रवाहाच्या) विरुद्ध पोहलात, घाबरलात, तर दुप्पट धरा.

आता बिघाडाचा हिशेब. समजा ३० मीटरवर तुमच्या बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा संपली. तो तुमच्याकडे येतो, ऑक्टोपस (तुमच्याच टाकीला जोडलेली श्वास घ्यायची जादा नळी) तोंडात घेतो. दोघंही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, दोघांचे मिळून ६०. एकमेकांना धरून, श्वास सावरून वर निघायला एक मिनिट जाईल: ६० गुणिले ४, म्हणजे २४० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ३० वरून ५ मीटरवर यायला तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार: आणखी ४९५. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा: २७०. शेवटचे पाच मीटर सावकाश: ७५. बेरीज १०८० लिटर. भागिले ११, म्हणजे ९८ बार.

अर्धी टाकी. दोघांना सुखरूप वर आणायला तळावरून निघताना तुमच्याकडे १०० बार असायला हवेत. सेफ्टी स्टॉप सोडून दिला तरी पाऊणशेच्या आसपास लागतातच. आणि आपल्याकडे सर्रास शिकवतात काय, तर "५० बारला सांगा." उथळ पाण्यात ते चालून जातं. ३० मीटरवर टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा ५० ला आल्यावर खूण करणाऱ्या माणसाकडे बडीला द्यायला हवा उरलेली नसते. ५० बार बोटीवर चढताना उरायचे असतात. तळाशी नाही.

उलटं गणितही करा. २०० पासून १०० पर्यंत वापरायला मिळाले ११०० लिटर. त्यातले शंभरेक उतरण्यात गेले. उरलेले हजार, मिनिटाला ८० ने, साडेबारा मिनिटं. डेको (वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीचं थांबणं) टाळण्यासाठीची जी तक्ता-मर्यादा आहे ती ३० मीटरला २० मिनिटं दाखवते, म्हणजे नव्या डायव्हरला डाइव्ह कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी टाकी थांबवते. मी शिकवताना हा कागद बोटीवर बसून विद्यार्थ्याकडून, त्याच्या स्वतःच्या हवेच्या वापरावर, भरून घेतो. पुण्यामुंबईचे इंजिनीअर, सीए, कोणीही असोत, 'साडेबारा' हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की चेहरा बदलतो. फोनवर कितीही समजावलं तरी तो बदलत नाही.

तुम्हाला ओपन वॉटरमध्ये हवा संपल्यावर एकट्याने वर यायचा सराव दिला असेल, एका श्वासावर 'आ' करत. तो सराव नऊ मीटरच्या आतला असतो. ३० मीटरवरून त्या भरवशावर राहायचं ठरवलंत तर पाण्यात काय वाटेल, ते आत्ता कोरड्यावर बसून कल्पनेने बघा.

दुसरी गोष्ट डोक्याची. दाबाखालचा नायट्रोजन मज्जासंस्थेवर भूल देणाऱ्या वायूसारखा परिणाम करतो. याला नार्कोसिस म्हणतात. साधारण ३० मीटरच्या सुमाराला तो बहुतेकांना जाणवायला लागतो, काहींना थोडा आधी. काही मीटर वर आलं की उतरतो, मागे काही ठेवत नाही. ऐकायला गंमत वाटते आणि बरेच जण गमतीनेच सांगतात. पण होळीला भांग घेतलेला माणूस जसा "मला काही झालं नाही" हेच पुन्हापुन्हा सांगतो, तसं खाली होतं. ज्या डोक्याने नशा ओळखायची, तेच डोकं बधिर झालेलं असतं.

एक सोपी चाचणी घेतो. पाटीवर १ ते २० आकडे अस्ताव्यस्त लिहिलेले असतात, ते क्रमाने बोटाने दाखवायचे. आधी बोटीवर, घड्याळ लावून. मग तेच ३० मीटरवर, आकडे वेगळ्या जागी लिहिलेल्या पाटीवर. बँकेत काम करणारे एक गृहस्थ होते, आकड्यांत आयुष्य गेलेले. खाली त्यांनी १३ वरून थेट १५ दाखवला, थांबले, पुन्हा १३ शोधला, मग पाटी उलटी करून मागे बघितलं. मागे काहीच नव्हतं. मी ओके विचारलं, त्यांनी दोन्ही हातांनी जोरात ओके दिलं. मग मी गेजकडे बोट केलं. त्यांनी गेज डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ बघितला आणि पुन्हा ओके दिलं. मला आकडा हवा होता, बोटांनी दाखवलेला. तो तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळाला. वर आल्यावर त्यांचं ठाम म्हणणं, की खाली आपण पाटी जास्त लवकर संपवली. घड्याळ दाखवल्यावर गप्प बसले.

'गेज बघणं' आणि 'गेज वाचणं' यांत तिथे एवढं अंतर पडतं. प्रशिक्षणाने नार्कोसिस टळत नाही, त्याची सवयही फारशी होत नाही. प्रशिक्षणाचा फायदा एवढाच की आपण खाली कसे असतो ते एकदा, शिकवणारा हाताच्या अंतरावर असताना, कळून येतं. त्यानंतर शहाणा माणूस खालचे निर्णय वरच घेऊन ठेवतो: किती बारला वळायचं, किती मिनिटांनी निघायचं, कोणत्या बाजूने जायचं. खाली फक्त आठवायचं, ठरवायचं काही नाही. थंडी, झोप कमी, करंट, गढूळ पाणी, आदल्या रात्रीची पार्टी यांनी नशा वाढते. तोच माणूस, तीच साइट, सोमवारी ठणठणीत आणि मंगळवारी डोकं जड, असं होतं.

यात श्वासाची भर पडते. चार पट दाबाची हवा चार पट दाट असते, तोंडातल्या रेग्युलेटरमधून ओढायला आणि सोडायला जास्त कष्ट पडतात. अशात कोणी थव्यामागे जोरात पाय मारत गेला की श्वास भराभर आणि उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि टाकी भरलेली असतानाही "हवा येत नाहीये" असं वाटायला लागतं. तिथून घबराट दोन श्वासांवर असते. इलाज साधा आहे: थांबा, दोर किंवा खडक धरा, पूर्ण श्वास सोडा, पुन्हा पूर्ण सोडा, काही मीटर वर या. वाचताना साधा वाटतो. पण ज्याने तो कधी मुद्दाम करून बघितलेला नाही, त्याला ऐनवेळी सुचत नाही.

तरंगण्याचं तंत्र कच्चं असेल तर वरचं सगळं व्यर्थ. आपल्याकडे पर्यटकांना पटकन खाली न्यायचं म्हणून कमरेला गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त बांधायची खोड आहे, आणि तेच वजन पुढे लॉगबुकात 'माझं वजन' म्हणून उतरतं. १० मीटरला ते बीसीडीत थोडी हवा भरून झाकलं जातं. ३० मीटरला वेटसूट दबून पातळ होतो, त्याचं तरंगणं जातं, आणि जास्तीचं वजन सावरायला बीसीडीत बरीच हवा भरावी लागते. वर येताना तीच हवा फुगते. वेळेत सोडली नाही तर डायव्हर बुचासारखा सुटतो. अशा वेळी घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात जाऊ शकतात, आणि ते ३० मीटरवरूनच व्हायला हवं असं नाही, शेवटचे १० मीटर सगळ्यात धोक्याचे, कारण तिथे आकारमान थेट दुप्पट होतं. तेव्हा हॅवलॉकला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे वजन तपासून घेणं. टाकीत ५० बार असताना, ५ मीटरवर, बीसीडी रिकामी करून स्थिर राहता आलं पाहिजे.

आता त्या गाइडबद्दल. तो बहुधा उत्तम डायव्हर असेल, तिथल्या पाण्यात वाढलेला. पण तो चार-पाच जणांच्या पुढे पोहतो, थवा कुठे आहे ते शोधत. तुमची हवा त्याच्या गेजवर दिसत नाही. डिक्सन्सला सुळक्यांचा माथाच ओपन वॉटरची मर्यादा संपते त्या सुमाराला लागतो आणि पायथा ३० च्या पुढे जातो. म्हणजे "आपण वरवरच राहू" ही तडजोडही तिथे होत नाही. करंट असला की उतरतानाच दोर धरून उतरावं लागतं. अशा ठिकाणी "कार्डाचं बघून घेऊ" म्हणणारा माणूस बाकी कशाकशाचं बघून घेत असेल, हा विचार मी ग्राहक असतो तर केला असता. कॉम्प्रेसरचा फिल्टर, बोटीवरचा ऑक्सिजन, बऱ्याच गोष्टी असतात.

बाहेरच्या जगातलं उदाहरण हवं असेल तर इजिप्तमधलं दहाबचं ब्लू होल बघा. किनाऱ्यापासून चार पावलांवर, पाणी स्वच्छ आणि उबदार. तिथे साधारण ५५ मीटरवर एक कमान आहे, तिच्यातून बाहेरच्या समुद्रात जाता येतं. साधी हवा आणि एकच टाकी घेऊन तिथे उतरलेल्या किती जणांची नावं शेजारच्या कड्यावरच्या पाट्यांवर कोरलेली आहेत, ती जाऊन वाचता येतात. त्याच दहाबला २०१४ साली इजिप्तचा डायव्हर अहमद गब्र ३३२.३५ मीटर खोल गेला आणि जिवंत वर आला. उतरायला त्याला पाव तासाच्या आसपास लागला, वर यायला जवळजवळ चौदा तास, आणि त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती.

आता कबूल केल्याप्रमाणे कोर्सची बाजू. पाडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेच्या ॲडव्हान्स्डमध्ये पाच डाइव्ह असतात, त्यातल्या दोन ठरलेल्या: एक डीप आणि एक नॅव्हिगेशन. म्हणजे खोलीचं शिक्षण एका डाइव्हपुरतं. शिवाय ती १८ ते ३० मीटरमध्ये कुठेही झाली तरी नियमात बसते. १९ मीटरला जाऊन, अंडं फोडून पिवळा बलक गोळा राहतो ते दाखवून, फोटो काढून वर आणणारे इन्स्ट्रक्टर आहेत. कार्डावर मात्र ३० लिहिलं जातं. (अंड्याची गंमत मीही करतो, मुलं खूश होतात; पण ती गंमत आहे.) ज्याचं ओपन वॉटर शुक्रवारी संपलं त्याला शनिवारी ॲडव्हान्स्ड सुरू करता येतं, आणि दुकानं तसं पॅकेजच विकतात. मला ते पटत नाही. मध्ये १२ ते १८ मीटरच्या पंधरा-वीस डाइव्ह झाल्या, मास्कमध्ये पाणी शिरल्यावर हात आपोआप वर जायला लागला, की मग खोलीकडे द्यायला लक्ष शिल्लक राहतं.

म्हणून पैसे भरण्याआधी इन्स्ट्रक्टरला फोनवर विचारा. डीप डाइव्ह किती खोल आणि कोणत्या साइटवर? माझ्या हवेच्या वापरावरून वळायचा आकडा काढून दाखवणार का? खाली पाटीची चाचणी घेणार का? १५ मीटरवर बडीची हवा संपल्याचा सराव करून, दोघांनी एका टाकीवर सेफ्टी स्टॉपसकट वर येऊन दाखवायचं आहे का? सेफ्टी सॉसेज (बोटीला आपली जागा दाखवणारा हवेचा लांब फुगा) स्वतः सोडायला शिकवणार का? "अहो तेवढं नसतं त्यात" असं उत्तर आलं तर दुसरा इन्स्ट्रक्टर बघा. ४० मीटरपर्यंत जायचं असेल तर त्यासाठी चार डाइव्हची वेगळी डीप स्पेशालिटी आहे, पण तुम्हाला यंदा तिची गरज नाही.

नायट्रॉक्सचं, म्हणजे ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेचं, कोणीतरी सुचवेलच. चांगला कोर्स आहे, ओल्या कपड्यांशिवाय होतो. पण नायट्रॉक्सने वेळ वाढतो, खोली उलट कमी होते: ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला मर्यादा साधारण ३३-३४ मीटर, ३६ टक्क्यांना २८-२९. नशा कमी होईल म्हणून तो घेऊ नका.

तुमच्या सहलीची आखणी मी अशी केली असती. पहिल्या दिवशी १२ ते १५ मीटरच्या दोन डाइव्ह, वजन आणि तरंगणं जागेवर आणायला. गेल्या काही महिन्यांत पाण्यात गेला नसाल तर त्यातली पहिली रिफ्रेशर म्हणूनच करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोर्स, खोल डाइव्ह सकाळची पहिली. मित्रांनी तोवर आपलं आपलं फिरावं. चौथ्या दिवशी डिक्सन्सला एकत्र जा, पण त्यातल्या एकाला बडी ठरवून, आकडे आदल्या संध्याकाळी बोलून. पहिले दोन दिवस बघून इन्स्ट्रक्टर म्हणाला की यंदा खोल नको, तर ते ऐका. हॅवलॉकला १८ मीटरच्या आत बघण्यासारखं भरपूर आहे. प्रवाळ आणि रंग तर वरच जास्त. खाली लाल रंग दिसतच नाही, टॉर्च मारावा लागतो.

हे शिक्षण अंदमानपुरतं उपयोगी आहे असंही समजू नका. आपल्याच किनाऱ्यासमोर, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिचा माथाच सुमारे २० मीटरवर आहे. म्हणजे तिथली सगळ्यात उथळ डाइव्हही ओपन वॉटरच्या बाहेरची, आणि मदत बोटीने कित्येक तास दूर. निवतीच्या खडकांजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त नौका वापरून पाण्याखालचं संग्रहालय उभारायचा महाराष्ट्राचा प्रकल्प आहे. कोकणच्या व्हिजिबिलिटीत लोखंडी जहाजाभोवती फिरायला हेच सगळं लागणार, आणि जहाजाच्या आत शिरायचं असेल तर त्याचं आणखी वेगळं शिक्षण.

शेवटी परतीचं. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास सोडायचे, मी २४ सांगतो. मुंबईचं विमान सकाळचं असेल तर शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी पहाटेची, किंवा तो दिवस कोरडाच ठेवा. डाइव्हनंतर सांधा दुखणं, त्वचेवर चट्टे, मुंग्या, न शोभणारा थकवा यांपैकी काहीही झालं तर 'झोपलो की बरं वाटेल' म्हणून लपवू नका. ताबडतोब सांगा आणि ऑक्सिजन मागा. उपचाराचं दाबाचं चेंबर हॅवलॉकला नाही, त्यासाठी पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) गाठावं लागतं, आणि संध्याकाळनंतर प्रवासी फेरी मिळत नाही. विमा काढताना डायव्हिंग त्यात आहे का आणि किती खोलीपर्यंत, हे वाचून घ्या. काही पॉलिसी तुमच्या कार्डापलीकडच्या डाइव्हचा खर्च देत नाहीत, आणि "कार्डाचं बघून घेऊ" म्हणणारा तेव्हा फोन उचलेल याची खात्री मी देणार नाही.